‘कॅलिफोर्निकेशन’ आणि त्याच्या लॉसलेस प्रती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी रॉक बँड रेड हॉट चिली पेपर्सचा ‘कॅलिफोर्निकेशन’ हा अल्बम ८ जून १९९९ रोजी आला. तो आजही भरपूर ऐकला जातो, आणि त्याच्या फ्लॅक (ध्वनी लॉसलेस साठवणारा एक फाइल प्रकार) प्रतींबद्दल तेच ते प्रश्न सतत येतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. बहुतेक गोंधळाचं मूळ एकच आहे. लॉसलेस प्रत म्हणजे तबकडीवर जे आहे त्याची तंतोतंत नक्कल. तबकडीवर मुळात काय छापलंय हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे, आणि या अल्बममध्ये तोच जास्त महत्त्वाचा आहे.

१. लॉसलेस म्हणजे नेमकं काय? एमपी३पेक्षा आवाज चांगला, एवढंच ना?

नाही. ऑडिओ सीडीवर दोन चॅनेल असतात, प्रत्येकात सेकंदाला ४४,१०० सँपल आणि प्रत्येक सँपल १६ बिटचं. लॉसलेस फाइल उघडली की हे सगळे आकडे जसेच्या तसे परत मिळतात, एकही बिट इकडचा तिकडे होत नाही. एमपी३ करताना कानाला जाणवणार नाही असा अंदाज बांधून काही माहिती कायमची टाकून दिली जाते. म्हणजे लॉसलेस ही नक्कल अचूक असल्याची हमी आहे. मूळ ध्वनी चांगला असल्याची हमी ती देत नाही. तो मुद्दा प्रश्न ६ मध्ये.

२. माझ्या फोल्डरमध्ये १८ गाणी आहेत. मूळ अल्बममध्ये किती?

मूळ सीडीवर १५ गाणी आहेत. पहिलं ‘अराउंड द वर्ल्ड’, शेवटचं ‘रोड ट्रिपिन’. एकूण लांबी सुमारे ५६ मिनिटं २४ सेकंद. ‘फॅट डान्स’, ‘ओव्हर फंक’ आणि ‘क्विक्झॉटिकएलिक्सर’ ही तीन गाणी २००६ मध्ये आयट्यून्सवर आली. त्यामुळे १८ गाण्यांचा संच म्हणजे १९९९ च्या सीडीवरून काढलेली प्रत नव्हे. ती डिजिटल आवृत्ती असेल, किंवा कुणीतरी दोन ठिकाणची गाणी एकत्र केली असतील. ‘गाँग ली’ आणि ‘इन्स्ट्रुमेंटल नंबर वन’ ही ‘स्कार टिश्यू’च्या सिंगलवरची जोडगाणी. ती दिसली तर तिन्ही गोष्टींचं मिश्रण समजा.

श्रेयनामावली अशी : निर्माता रिक रुबिन, ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या चेलो स्टुडिओत, मिक्सिंग जिम स्कॉट, मास्टरिंग (छपाईआधी ध्वनीवर केलेलं शेवटचं काम) न्यूयॉर्कच्या सोनी म्युझिक स्टुडिओजमध्ये व्लाडो मेलर. गिटारवादक जॉन फ्रुशांते १९९८ मध्ये बँडमध्ये परतले, त्यानंतरचा हा पहिला अल्बम. अमेरिकी आणि युरोपीय सीडीच्या क्रमांकात ४७३८६ हा आकडा समान असतो. जुनी सीडी घेताना कण्यावर तो बघून घ्या.

३. फ्लॅक, एएलएसी आणि वॅव्ह यांतलं काय ठेवू?

फ्लॅक. ते खुलं आहे, २००१ पासून स्थिर आहे, डिसेंबर २०२४ मध्ये त्याला इंटरनेट मानकाचा दर्जाही मिळाला. सर्वांत मोठा फायदा म्हणजे मूळ सँपलचा एमडी५ ठसा फाइलच्या आतच साठवलेला असतो. दहा वर्षांनी फाइल शाबूत आहे की नाही हे तिलाच विचारता येतं.

एएलएसी हे ॲपलचं. आवाजात तसूभर फरक नाही, पण असा ठसा त्यात नसतो. आयफोनच्या म्युझिक ॲपमध्ये गाणी भरायची असतील तर तेच लागतं, कारण ते ॲप फ्लॅक घेत नाही. वॅव्ह दुप्पटीच्या आसपास जागा खातं आणि त्यात गाण्याचं नाव, कलाकार वगैरे टॅग नीट टिकत नाहीत. संग्रह फ्लॅकमध्ये ठेवा आणि गरज पडेल तेव्हा एएलएसी बनवा. तिन्हींत कितीही वेळा उलटसुलट बदललं तरी काही हरवत नाही. अट एकच, मध्ये बिटची संख्या किंवा सँपल रेट बदलू देऊ नका.

४. फ्लॅकचं कम्प्रेशन ८ वर ठेवलं तर आवाज दबतो का?

दबत नाही. ० ते ८ हे आकडे संगणकाने किती मेहनत घ्यायची ते सांगतात. ० ची आणि ८ ची फाइल उघडल्यावर एमडी५ एकच येतो. ८ घेतलं तर जागा थोडी वाचते आणि बनवायला काही सेकंद जास्त लागतात. ध्वनीतला दबाव म्हणजे डायनॅमिक कम्प्रेशन, ती निराळी भानगड आहे.

५. याच्या फाइल बाकी अल्बमपेक्षा एवढ्या मोठ्या का? माझं रिप (सीडीवरून काढलेली प्रत) चुकलं का?

चुकलेलं नाही. सीडीवर सेकंदाला १,७६,४०० बाइट असतात, म्हणजे ५६ मिनिटं २४ सेकंदांचे सुमारे ५९.७ कोटी बाइट. शांत, मोकळ्या ध्वनिमुद्रणात फ्लॅक हा आकडा निम्म्यावर आणतं. इथे तो ४० कोटींच्या खाली क्वचितच येतो. फ्लॅक पुढच्या सँपलचा अंदाज बांधतं आणि फक्त अंदाजातली चूक साठवतं. सतत मोठा, खरखरीत ध्वनी असेल तर चुका मोठ्या होतात आणि त्या साठवायला जास्त बिट लागतात. त्याच अल्बममधलं ‘रोड ट्रिपिन’ बघा. त्यात ड्रम नाहीत, ध्वनी मोकळा आहे, म्हणून त्याचा बिटरेट बाकीच्या गाण्यांपेक्षा कमी दिसतो. सगळ्या गाण्यांचा बिटरेट हुबेहूब सारखा दिसला तर मात्र शंका घ्यावी. तो खरा फ्लॅक नसण्याची शक्यता आहे.

६. फ्लॅक ऐकतोय तरी आवाज फाटतो. फाइल खराब आहे की हेडफोन?

बहुधा दोन्ही ठीक आहेत. हा फाटलेपणा सीडीवरच छापलेला आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपला अल्बम रेडिओवर आणि दुकानात दुसऱ्यापेक्षा मोठा वाजावा यासाठी चढाओढ लागली होती. ‘कॅलिफोर्निकेशन’ हे तिचं सर्वांत जास्त दाखला दिलं जाणारं उदाहरण. १६ बिटमध्ये सँपलची किंमत −३२,७६८ ते ३२,७६७ या मर्यादेत राहते, त्यापुढे जागाच नाही. सरासरी पातळी वर ढकलत नेली की ड्रमचे फटके त्या छताला आपटतात. लहरीचे शेंडे गोल राहण्याऐवजी सपाट कापले जातात, यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या शेंड्याच्या जागी मूळ संगीतात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि कानाला चरचर, करकर ऐकू येते.

मोठ्या रॉक गाण्यात थोडं क्लिपिंग गोंगाटात लपून जातं. इथे ते लपत नाही. शीर्षकगीतात सौम्य गिटार आणि एकट्या आवाजाच्या जागीही चरचर जाणवते, कारण तिथेही पातळी वरच ठेवली आहे. ‘अदरसाइड’चं ध्रुवपद ऐका : सगळी वाद्यं एकदम येतात, तरी जोर वाढल्यासारखा वाटत नाही. कडवं आणि ध्रुवपद यांच्या पातळीत अंतरच उरलेलं नाही. इतकी मोकळी, श्वास घेणारी गिटार वाजवणाऱ्या बँडच्या बाबतीत हे व्हावं याचं खरंच वाईट वाटतं.

फ्लॅक हे सगळं इमानेइतबारे जपतो. त्यामुळे फाइल पुन्हा उतरवून घेणं, दुसरा एन्कोडर वापरणं, महागडी केबल लावणं यांतलं काहीही उपयोगाचं नाही. काय उपयोगाचं आहे ते प्रश्न १४ ते १७ मध्ये आहे.

७. मग ‘अराउंड द वर्ल्ड’च्या सुरुवातीचा फाटका बेसही सीडीचाच दोष का?

नाही, तो बँडचे बेसवादक फ्ली यांनी मुद्दाम फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून वाजवलेला बेस आहे. वाद्यावरची खरखर त्या वाद्यापुरती असते आणि स्वर वर-खाली झाला की तिचा पोतही बदलतो. क्लिपिंगची चरचर ड्रमच्या प्रत्येक ठोक्याबरोबर येते आणि त्या क्षणी आवाज, गिटार, झांजा सगळ्यांवर एकदम चढते. हा फरक एकदा ओळखता आला की अल्बमभर दोन्ही वेगळे ऐकू येतात.

८. क्लिपिंग डोळ्यांनी कसं बघायचं?

ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाचं सॉफ्टवेअर) गाणं उघडा, ‘व्ह्यू’ मेनूतून क्लिपिंग दाखवण्याचा पर्याय चालू करा. कमाल मर्यादेला टेकलेल्या जागी लाल रेघा दिसतील. मग एका ड्रमच्या फटक्यावर इतकं झूम करा की सुटे सँपल ठिपक्यांसारखे दिसू लागतील. तीन-चार किंवा जास्त ठिपके एकाच उंचीवर ओळीने असतील तर ते क्लिपिंग.

यात एक फसगत होते. आधी क्लिप करून नंतर संपूर्ण पातळी अर्धा डेसिबल खाली आणली असेल तर लाल रेघ येतच नाही, कारण ऑडॅसिटी फक्त कमाल मर्यादा तपासते. शेंडे मात्र सपाटच असतात. म्हणून लाल रेघांवर विसंबू नका, झूम करून बघा.

९. सीडी मिळाली आहे. अचूक फ्लॅक कसा काढायचा? सगळ्या पायऱ्या हव्यात.

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी म्हणजे ईएसी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर किंवा सायनरिप. पुढच्या पायऱ्या ईएसीच्या आहेत, तत्त्व सगळीकडे सारखंच.

ड्राइव्हच्या पर्यायांत ‘सिक्युअर’ पद्धत निवडा. ड्राइव्ह कॅश करत असेल तर तसं सांगा. ‘सी२’ त्रुटिमाहितीवर विसंबू नका, अनेक ड्राइव्ह ती चुकीची देतात.

मग ऑफसेट. प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह वाचायला ठरावीक सँपल आधी किंवा नंतर सुरुवात करतो, उदाहरणार्थ +६ किंवा +६६७. ॲक्युरेटरिप (इतरांच्या वाचनांशी आपलं वाचन ताडणारी सेवा) हिच्या माहितीसाठ्यातली एखादी लोकप्रिय सीडी घातली की ईएसी हा आकडा स्वतः ओळखतं. ‘कॅलिफोर्निकेशन’ भरपूर खपलेला असल्याने त्याचीच सीडी बऱ्याचदा पुरते.

ईएसीच्या पर्यायांत नॉर्मलायझेशन (पातळी आपोआप बदलणं) बंद असल्याची खात्री करा. चालू राहिलं तर प्रत लॉसलेस उरत नाही. सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापण्याचा पर्यायही बंद ठेवा.

एफ४ दाबून गाण्यांमधल्या जागा शोधा आणि त्या मागच्या गाण्याला जोडा, हेच ईएसीचं मूळ सेटिंग आहे. मग क्यू शीट (गाण्यांच्या जागा नोंदवणारी छोटी फाइल) बनवा. तिच्यावरून पुढे सीडी जशीच्या तशी पुन्हा लिहिता येते.

शेवटी ‘टेस्ट अँड कॉपी’. प्रत्येक गाणं दोनदा वाचलं जातं आणि दोन्ही वाचनांचे सीआरसी (बिटांवरून काढलेले पडताळणीचे आकडे) ताडले जातात. ते जुळायलाच हवेत. फ्लॅकला पातळी ८ आणि ‘पडताळणी’चा पर्याय द्या, म्हणजे फाइल बनत असतानाच ती उलगडून मूळ सँपलशी ताडली जाते. लॉग फाइल फ्लॅकसोबतच ठेवा. प्रत कशी काढली याचा तोच पुरावा.

चांगल्या सीडीला १५ ते ३० मिनिटं लागतात. एकाच गाण्यावर तास-तास अडकलं तर थांबवा आणि प्रश्न ११ बघा.

१०. टेस्ट आणि कॉपीचे सीआरसी जुळतात, पण ॲक्युरेटरिप म्हणतं ‘जुळत नाही’. कुणावर विश्वास ठेवू?

सगळी गाणी जुळत नाहीत की एखाद-दुसरंच, ते आधी बघा.

एकच गाणं जुळत नसेल आणि बाकी चौदा जुळत असतील तर त्या गाण्याच्या जागी ओरखडा आहे. ड्राइव्ह दोन्ही वेळा तीच चूक करत असल्यामुळे सीआरसी जुळतो. दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर वाचून बघा.

पंधराही गाणी जुळत नसतील तर बहुतेक वेळा ऑफसेट चुकला आहे किंवा तुमच्या सीडीची छपाई वेगळी आहे. हा अल्बम अनेक देशांत, अनेक कारखान्यांत, वर्षानुवर्षं छापला गेला. मास्टर तेच असतं, पण कारखान्यातल्या छपाईच्या काचेच्या मूळ साच्यावर ते शे-दोनशे सँपल पुढे-मागे बसतं आणि त्यामुळे संपूर्ण आकडा बदलतो. क्यूटूल्स हे प्रती तपासणारं सॉफ्टवेअर हा सरकलेपणा ओळखतं. ‘अमुक सँपल सरकवून जुळते’ असं त्यात दिसलं तर तुमची प्रत निर्दोष आहे, सरकवून पुन्हा लिहिण्याची गरज नाही.

‘माहितीसाठ्यात नाही’ आणि ‘जुळत नाही’ हे दोन वेगळे निकाल आहेत. पहिल्याचा अर्थ एवढाच की तुलनेला काही सापडलं नाही. आणि ‘कॉन्फिडन्स’ पुढचा आकडा म्हणजे किती जणांचं वाचन तुमच्याशी जुळलं ते. २ असला तरी पुरे, २०० असला म्हणून आवाज जास्त चांगला होत नाही.

११. पावसाळ्यात सीडीवर बुरशीसारखे डाग आलेत. ओरखडेही आहेत. वाचेल का?

मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत हे नेहमीचं आहे. डाग वाचनाच्या बाजूला वरवर असतील तर जातात. साध्या पाण्याखाली धूळ वाहून जाऊ द्या, डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घाला, मायक्रोफायबर कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवू नका. माहिती वर्तुळाकार रेषेत असते आणि त्या दिशेचा ओरखडा सलग सँपल खातो. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत थोडंसंच खातो, आणि सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग तूट सीडीची दुरुस्तीपद्धत पूर्ण भरून काढते. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, पॉलिकार्बोनेट पांढरं पडतं.

छापील बाजू जास्त नाजूक असते. चमकणारा ॲल्युमिनियमचा थर तिथे शाई आणि लाखेच्या पातळ थराखाली असतो. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली तर तिथली माहिती गेली, पॉलिश करून ती परत येत नाही. बुरशी कडेकडून आत, थरात शिरली असेल तरी तेच. अशा वेळी दुसरी सीडी शोधणं शहाणपणाचं. हा अल्बम दुर्मीळ नाही. कागदी इनले ओलसर असेल तर ते आणि डबा बदला, नाहीतर बुरशी परत येते.

१२. मित्राने फ्लॅक दिलाय. खरा आहे की एमपी३वरून बनवलेला, कसं ओळखू?

लॉग आणि क्यू शीट सोबत असेल तर क्यूटूल्समध्ये टाका. ॲक्युरेटरिपशी जुळलं की विषय संपला. याहून भक्कम पुरावा नाही.

लॉग नसेल तर स्पेक हे सॉफ्टवेअर वापरून स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या क्षणी कोणते स्वर आहेत ते दाखवणारं चित्र) बघा. सीडीचा पट्टा २२.०५ किलोहर्ट्झपर्यंत जातो. १२८ केबीपीएसचा एमपी३ साधारण १६ किलोहर्ट्झवर सरळ कापलेला दिसतो, ३२० चा २० च्या आसपास. पण या अल्बममध्ये स्पेक्ट्रोग्राम थोडा फसवतो. क्लिपिंगमुळे तयार झालेले वरचे स्वर अगदी २२ पर्यंत भरून राहतात, आणि एमपी३ उलगडताना पुन्हा क्लिप झाला असेल तर कापलेल्या पट्ट्याच्या वरही ड्रमच्या ठोक्यांवर उभ्या रेघा उमटतात. म्हणून ठोक्यांच्या मधली जागा बघा. तिथे छत सरळ रेषेत कापलेलं असेल तर मूळ एमपी३ आहे. ‘रोड ट्रिपिन’वर ही तपासणी सर्वांत स्वच्छ होते. पहिलं गाणं सोडून शेवटचं तपासा.

यूट्यूबवरून उतरवून फ्लॅक केलेली प्रत लॉसलेस नसते. डबा फ्लॅकचा, माल नुकसान झालेलाच.

१३. घरात अमेरिकी आणि युरोपीय अशा दोन सीडी आहेत. मास्टरिंग वेगळं आहे का?

अंदाज बांधत बसण्यापेक्षा तपासून बघा. दोन्हींचं तेच गाणं ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवा. भरपूर झूम करून एखादा टोकदार सँपल शोधा आणि दोन्ही तिथे तंतोतंत जुळवा. खालचा ट्रॅक ‘इन्व्हर्ट’ करा, दोन्ही मिसळा. पूर्ण शांतता आली तर मास्टर एकच, फक्त ऑफसेट वेगळा. अंधूक गाणं ऐकू आलं तर पातळी किंवा प्रक्रिया बदललेली आहे. मिसळताना डिदर (मुद्दाम मिसळलेली बारीक सळसळ) बंद असू द्या, नाहीतर शांततेच्या जागी हलकी सळसळ येते आणि चुकीचा निष्कर्ष निघतो.

१४. २४ बिट ९६ किलोहर्ट्झची हाय-रेझ प्रत घेतली तर फाटणं जाईल का?

ते फक्त प्रत कुठून काढली यावर अवलंबून आहे. बिट वाढवून छत उंच होत नाही, तळाची सळसळ खाली जाते एवढंच, आणि इतक्या मोठ्या आवाजाच्या अल्बममध्ये तो तळ कधी ऐकूच येत नाही. मर्यादा लावण्यापूर्वीच्या टेपवरून नवं मास्टरिंग केलं असेल तर फरक मोठा पडेल. क्लिप झालेलं मास्टरच जास्त बिटच्या फाइलमध्ये भरलं असेल तर पैसे वाया. विकत घेण्याआधी एकच गाणं घ्या आणि प्रश्न ८ प्रमाणे झूम करा. शेंडे सपाट दिसले तर बाकीची घेऊ नका.

१५. विनाइलवरून काढलेल्या फ्लॅकचा डीआर १० च्या वर आहे, सीडीचा ४-५. म्हणजे विनाइल दुप्पट चांगलं?

डीआर आकडा सर्वोच्च शेंडा आणि मोठ्या भागांची सरासरी यांतलं अंतर मोजतो. विनाइलच्या साखळीत कटिंगची गाळणी, सुईची कंपनं, आरआयएए दुरुस्ती (विनाइलसाठी खालच्या-वरच्या स्वरांत केलेला ठरावीक बदल) यांमुळे लहरीचे घटक एकमेकांच्या तुलनेत थोडे सरकतात आणि सपाट शेंडे पुन्हा टोकदार दिसू लागतात. क्लिप झालेलीच फाइल विनाइलवर कापली तरी डीआर तीन-चार अंकांनी वाढू शकतो, कानाला मात्र तीच चरचर राहते. म्हणून विनाइल आणि सीडी यांचे डीआर आकडे समोरासमोर ठेवूच नका.

तरीही या अल्बमचं विनाइल शोधण्यात अर्थ आहे. नंतरच्या एका पुनर्मुद्रणाचं मास्टरिंग क्रिस बेलमन यांनी केलं आहे आणि ते ऐकायला मोकळं आहे. प्रश्न ७ मधली कसोटी लावून बघा : ठोक्याबरोबर सगळ्यांवर चढणारी चरचर तिथे बरीच कमी आहे.

स्वतः काढत असाल तर २४ बिटमध्ये घ्या, सर्वोच्च शेंडा −६ डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी ठेवा, सुई आधी स्वच्छ करा. आपोआप टिकटिक काढणारी सॉफ्टवेअर स्नेअरच्या टोकदार फटक्यांनाही टिकटिक समजतात. मोठ्या टिकटिकी हातानेच काढा.

१६. ‘अनमास्टर्ड’ नावाची प्रत फिरते, ती घ्यावी का? आणि डिक्लिप सॉफ्टवेअरने सीडी दुरुस्त होते का?

ती प्रत अधिकृत नाही. तिच्यातली काही गाणी वेगळ्या मिक्सची आहेत, त्यामुळे तोच अल्बम मास्टरिंगशिवाय ऐकतोय असं समजणं चूक आहे. हातोहाती फिरताना ती किती वेळा एमपी३मधून गेली हेही फाइलवर लिहिलेलं नसतं. संग्रहाची मूळ प्रत म्हणून ती ठेवण्यासारखी नाही.

डिक्लिपचं उत्तर : थोडंफार. आयझोटोप आरएक्समधलं डिक्लिप किंवा ऑडॅसिटीचं ‘क्लिप फिक्स’ सपाट शेंड्यावर आजूबाजूचा आकार बघून अंदाजाने गोलाई काढतं. आधी फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये आणा आणि पातळी ६ ते १० डेसिबल खाली घ्या, नाहीतर नव्या शेंड्यांना जागाच मिळत नाही आणि सगळं पुन्हा कापलं जातं. नेमकी हीच पायरी सर्वांत जास्त चुकते. उंबरठा सपाट भागाच्या अगदी किंचित खाली ठेवा. फार खाली नेला तर शाबूत शेंडेही बदलतात आणि स्नेअर मऊ पडतो. ड्रम थोडे मोकळे होतात, आवाजावरची चरचर पूर्ण जात नाही, कारण बराचसा फाटलेपणा लिमिटरने (शेंडे आपोआप दाबणाऱ्या यंत्रणेने) आकार बदलून आलेला आहे, निव्वळ कापण्याने नाही. अशी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, नावात स्पष्ट लिहून ठेवा. ती आता लॉसलेस प्रत नाही.

१७. काहीही न बदलता ऐकणं सुसह्य करण्याचा उपाय आहे का?

आहे, आणि तो फुकट आहे : रिप्लेगेन, म्हणजे वाजवताना पातळी आपोआप जुळवून घेण्याची सोय. फूबार२०००सारख्या प्लेअरमध्ये संपूर्ण अल्बम निवडून ‘अल्बम गेन’ मोजा. या सीडीला साधारण −१० डेसिबलच्या आसपास आकडा येतो. तो फक्त टॅगमध्ये लिहिला जातो, संगीताचे बिट आणि एमडी५ तसेच राहतात.

दोन फायदे होतात. दुसऱ्या अल्बमनंतर हा लागला की अंगावर येत नाही. दुसरा फायदा कमी लोकांना माहीत असतो. दोन सपाट सँपलच्या मधली लहर प्रत्यक्षात कमाल मर्यादेच्या वर जाते आणि अनेक डॅक (डिजिटल आकड्यांचा ध्वनी बनवणारे भाग) तिथे स्वतःचं आणखी क्लिपिंग घालतात. डिजिटल पातळी ३-४ डेसिबल खाली असली की हे जास्तीचं फाटणं टळतं. सीडीवर छापलेलं राहतं, उपकरणाने वाढवलेलं जातं.

एमपी३ ऐकणाऱ्यांना हे आणखी लागू आहे. या अल्बमचा एमपी३ उलगडताना शेंडे मर्यादेच्या बरेच वर जातात आणि १६ बिटमध्ये बसवताना दुसऱ्यांदा कापले जातात. फ्लॅक आणि ३२० केबीपीएस यांत इथे ऐकू येणारा फरक बऱ्याचदा एवढाच असतो.

१८. मोबाइलवर, गाडीत, ब्लूटूथवर लॉसलेस वाजतं का?

अँड्रॉइड फ्लॅक थेट वाजवतो. आयफोनवर फाइल्स ॲपमधून फ्लॅक वाजतो, म्युझिक ॲपसाठी एएलएसी करावं लागतं (प्रश्न ३). नेहमीचं ब्लूटूथ लॉसलेस नाही. एसबीसी, एएसी आणि ९९० केबीपीएसचं एलडॅकसुद्धा काही माहिती टाकून देतात. गाडीत चालताना तो फरक कळणं कठीण आहे, त्यासाठी वेगळा खर्च करू नका. पेनड्राइव्हवरून गाडीत फ्लॅक वाजत नसेल तर तीन गोष्टी बघा : पेनड्राइव्ह फॅट३२ आहे का, टॅगमधलं मुखपृष्ठ ५०० पिक्सेलच्या आसपास आहे का, आणि फाइल १६ बिट ४४.१ चीच आहे का. गाडीचे स्टिरिओ बहुधा मोठ्या मुखपृष्ठावर अडकतात.

१९. स्ट्रीमिंगवर लॉसलेस मिळतं, मग सीडी कशाला?

ऐकण्यापुरतं बघितलं तर नकोच. ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून जास्तीच्या पैशांशिवाय लॉसलेस दिलं आहे. पण सेवा तुम्हाला बिट आणि किलोहर्ट्झ दाखवते, कोणतं मास्टर ते दाखवत नाही, आणि ते मागच्या मागे बदलू शकतं. १९९९ ची नेमकी आवृत्ती हातात हवी असेल तर सीडीच लागते.

२०. माझ्याकडे तेव्हाची कॅसेट आहे. तिच्यावरून फ्लॅक केला तर चालेल?

आठवण म्हणून जरूर करा. फ्लॅक तुमच्या डेकने जे वाजवलं ते जपेल, म्हणजे टेपची सळसळ, वेगातली डगमग, हेडच्या तिरपेपणामुळे हरवलेले वरचे स्वर, सगळंच. मुद्रणाआधी हेडचा स्क्रू फिरवून झांजा सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथे ठेवा. कॅसेटवर डॉल्बी बीची खूण असेल तरच डेकवर डॉल्बी चालू करा.

२१. स्वतःच्या सीडीची प्रत काढणं कायदेशीर आहे का?

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५२(१)(क) खासगी किंवा वैयक्तिक कारणासाठी न्याय्य वापराला मुभा देतं. हे शब्द २०१२ च्या दुरुस्तीत आले. स्वतः घेतलेल्या सीडीची स्वतःसाठी प्रत त्या चौकटीत मांडता येते. ती टेलिग्रामवर टाकणं किंवा विकणं त्यात बसत नाही. परदेशातल्या वाचकांनी तिथला नियम बघावा. ब्रिटनमध्ये २०१४ साली अशा प्रतीला सूट मिळाली होती, ती उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली. सीडी विकून टाकून प्रत ठेवणं वैयक्तिक वापराच्या युक्तिवादाला कमकुवत करतं.

२२. एवढं करून काढलेली प्रत वर्षानुवर्षं शाबूत कशी ठेवू?

दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, अशा तीन प्रती. वर्षातून एकदा फ्लॅकचा ‘टेस्ट’ आदेश संपूर्ण फोल्डरवर चालवा. फूबार२०००मध्ये हेच काम ‘व्हेरिफाय इंटेग्रिटी’ करतं. एखाद्या गाण्यावर एमडी५ जुळला नाही तर ते दुसऱ्या प्रतीवरून आणा. मात्र आणण्याआधी ती दुसरी प्रतही तपासा, कारण आपोआप बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर बिघडलेली फाइलही तितक्याच निष्ठेने सगळीकडे पोचवतं. टॅग बदलल्याने एमडी५ बदलत नाही, त्यामुळे नावांतल्या चुका निर्धास्त दुरुस्त करा. लॉग फाइलमध्ये मात्र हात घालू नका. त्यातलं एक अक्षर बदललं तरी ईएसीचं चेकसम जुळत नाही.